हयातीचा दाखला

ताई,
माझं वय सत्तावन्न. सिंहगड रस्त्यावर राहते. लग्न केलं नाही; घरात आई आणि मी. शेवटची सहा वर्षं आई जवळजवळ घरातच होती. गेल्या नोव्हेंबरात तिच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. तिला नेणं शक्य नव्हतं, म्हणून बँकेतलं कुणी घरी येईल का हे विचारायला आणि फॉर्म आणायला मी गेले. सांभाळायला येणाऱ्या मावशींनी मुलाला ताप म्हणून सुट्टी घेतली होती. ‘तासाभरात येते’ असं आईला सांगून निघाले. परत आले तेव्हा ती बाथरूमच्या दाराशी पडलेली होती. खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, मग न्यूमोनिया झाला, एकोणिसाव्या दिवशी ती गेली. याआधीही ती दोनदा पडली होती, पण तेव्हा मी शेजारच्याच खोलीत होते. तो कोरा फॉर्म अजून माझ्या पर्समध्ये आहे.

धाकटा भाऊ बाणेरला असतो. दोनदा विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलाय. पहाटे चार-सव्वाचारला त्याचा मेसेज येतो : ‘सब्बे संखारा अनिच्चा. आसक्ती सोड.’ मी रडले की म्हणतो, तू दुःखाला धरून बसली आहेस. समोरच्या काकू म्हणतात, पूर्वजन्मीचं काहीतरी असेल. मावशींचं काम सुटलं, त्यांच्याशी त्यानंतर बोलणंच झालं नाही. त्यात आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. दसऱ्याच्या आत घर रिकामं करायचंय आणि आईच्या खोलीला मी हातही लावलेला नाही. तिच्या कपाटात एक पितळी पातेलं आहे, पानशेतच्या पुरानंतर चिखलात सापडलेलं. रोज तीनला जाग येते.

मी गेले नसते तर ती असती ना? आणि प्रेम म्हणजेच आसक्ती असेल, तर सहा वर्षं मी जे केलं ते काय होतं?
— एक वाचक

*

आधी तुमच्या भावाच्या मेसेजबद्दल बोलते. मला त्याचा राग आलाय आणि तो उतरल्याशिवाय पुढचं नीट लिहिता येणार नाही.

वचन खरं आहे, धम्मपदातलं आहे : घडलेलं सगळं अनित्य आहे. मी अनेक वर्षं पाली शिकवली, त्यामुळे ते शेकडो वेळा फळ्यावर लिहिलंय. आपल्याकडे बौद्ध घरांत कुणी गेलं की ‘अनिच्चा वत संखारा’ ही गाथा म्हणतात. पण म्हणणारी माणसं तिथे शेजारी बसलेली असतात. कुणी चहा करत असतं, कुणी पाठीवर हात ठेवलेला असतो. पहाटे सव्वाचारला बाणेरहून मोबाइलवर आलेलं तेच वचन म्हणजे ‘आता पुरे कर’ असा हुकूम वाटतो. तुम्हाला तो तसाच वाटला आणि त्यात तुमचं काही चुकलं नाही.

किसा गोतमीची गोष्ट भावाला नक्की माहीत असेल. श्रावस्तीतली बाई. मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत हिंडत होती. बुद्धानं तिला सांगितलं, ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण. अट्ठकथेतली, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकेतली, ही गोष्ट आपण शाळेत ‘मृत्यू अटळ आहे’ एवढ्या एका वाक्यात उरकतो. मला त्यात दुसरंच दिसतं. बुद्धानं तिला अनित्यतेचं प्रवचन दिलं नाही, काम दिलं. मोहरी काय, कुणाच्याही घरात मिळते. त्या मोहरीच्या निमित्तानं ती दारोदार गेली आणि प्रत्येक दारात कुणीतरी तिला आपलं गेलेलं माणूस सांगितलं. औषध लोकांकडून मिळालं. बुद्धानं फक्त पत्ता दिला.

आता ‘तू दुःखाला धरून बसली आहेस’ याबद्दल. इथे भावाचं चक्क वाचन चुकलंय. सारनाथच्या पहिल्या प्रवचनात चार सत्यं आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या प्रत्येक सत्याबरोबर एक वेगळं काम सांगितलंय, ते मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. दुःख जाणून घ्यायचं असतं. सोडायची ती तृष्णा. निरोध, म्हणजे दुःखाचं थांबणं, अनुभवायचा आणि मार्गावर चालायचं. ‘दुःख सोड’ असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. उलट दुःख म्हणजे काय ते सांगताना जन्म, म्हातारपण, मरण यांच्याच ओळीत ‘पियेहि विप्पयोगो दुक्खो’ आहे, म्हणजे आवडत्या माणसाचा वियोग. तुमचं रडणं पहिल्या सत्यात येतं. तो तुमचा दोष असता, तर त्याची जागा तिथे नसती.

मग सोडायचं काय? तुमच्या पत्रात ते एकाच वाक्यात आहे. ‘मी गेले नसते तर.’ तो एक तास परत मिळावा, तो वेगळा घडावा, ही मागणी. रोज पहाटे तीनला तुम्ही तीच घेऊन उठता. आईची आठवण येणं वेगळं आणि ही मागणी वेगळी. दोन्ही एकाच वेळी येतात, म्हणून एकच वाटतात.

संयुत्तनिकायात, म्हणजे बुद्धाच्या प्रवचनांच्या एका पाली संग्रहात, दोन बाणांची उपमा आहे. माणसाला एक बाण लागतो, तो दुखतोच, शहाण्यालाही दुखतो. त्या दुखण्यावर मन जो त्रागा करतं, तो दुसरा बाण. पालीत बाणाला ‘सल्ल’ म्हणतात. संस्कृतातलं शल्य तेच आणि आपल्या मराठीतला मनातला ‘सल’ही तोच. (‘सल्ला’ मात्र अरबीतून आलाय, त्याचं या घराण्याशी नातं नाही. तरी या सदरात सलाबद्दल लिहिताना मला दर वेळी थोडं हसू येतं.) आई गेली हा पहिला बाण आणि तो मी काढू शकत नाही. हयातीच्या दाखल्याचा तो कोरा फॉर्म मात्र तुम्ही रोज पर्समधून बरोबर नेता. त्याचं टोक कुठे रुतलंय ते आपण पाहू शकतो.

तर पाहू या. प्रतीत्यसमुत्पादाचं, म्हणजे गोष्टी कारणांवर टेकून घडतात या शिकवणीचं, सूत्र अगदी लहान आहे : हे असलं की ते होतं, हे नसलं की ते होत नाही. तुम्ही हुशार आहात, लगेच म्हणाल, ‘तेच तर मी म्हणतेय! मी गेले नसते तर ते झालं नसतं.’ पण या सूत्रातलं ‘हे’ एकटं कधीच नसतं. त्या दुपारी बाथरूमच्या दाराशी काय काय जमलं होतं? वयामुळे ठिसूळ झालेली हाडं. उठताना आलेली चक्कर असेल. गुळगुळीत फरशी. एका लहान मुलाचा ताप. दर नोव्हेंबरात जिवंत असल्याचा पुरावा मागणारा पेन्शनचा नियम. आणि तुमच्या आईचं स्वतःचं मन : तिला उठावंसं वाटलं, लेकीची वाट न पाहता आपलं आपण जावंसं वाटलं. सहा वर्षं दुसऱ्याच्या हातानं सगळं करून घेणाऱ्या बाईला एखाद्या दुपारी तसं वाटणारच. या सगळ्यात तुमचं नसणं ही एक कडी आहे. ती नव्हतीच असं मी म्हणणार नाही. तसं कुणी म्हटलं तरी तुमचा विश्वास बसायचा नाही. पण तुमचं असणं पुरेसं होतं का? तुम्हीच लिहिलंय, ती दोनदा पडली तेव्हा तुम्ही शेजारच्या खोलीत होतात.

आणखी एक. बुद्धाच्या लेखी कर्म म्हणजे चेतना, मनातला हेतू. तुमचा हेतू काय होता? आईला रांगेत उभं राहावं लागू नये. तेवढ्यासाठी तुम्ही गेलात.

समोरच्या काकूंना सांगा (किंवा नका सांगू, वाद वाढेल), की पूर्वजन्मीचा हा हिशेब खुद्द बुद्धानंच एका माणसाला खोडून दाखवला होता. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकानं विचारलं, माणूस जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही जण म्हणतात, ते बरोबर का? बुद्धानं आठ कारणं मोजली : पित्त, कफ, वात, तिन्हींचा बिघाड, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात आणि आठवं कर्म. आठांतलं एक. सगळं पूर्वकर्मावर टाकणारे स्वतःच्या अनुभवालाही सोडून बोलतात आणि जगाच्याही, असं तो म्हणाला. बाबासाहेबांनी तर गतजन्मीच्या कर्माचा हा हिशेब ठामपणे नाकारला. खुबा मोडला त्याला हाड कारण आहे. न्यूमोनिया झाला त्याला वय आणि अंथरुणाला खिळणं कारण आहे. काकूंना मधे आणायची गरज नाही.

पण तुम्हाला खरं तर आनंद या बुद्धाच्या शिष्याबद्दल सांगायचंय. तुमचं पत्र वाचल्यापासून तोच डोळ्यासमोर आहे.

आनंद पंचवीस वर्षं बुद्धाचा सेवक होता. पाणी देणं, चीवर सांभाळणं, भेटायला येणाऱ्यांना वेळ देणं, आजारपणात उशाशी बसणं हे त्याचं काम. तुम्ही सहा वर्षं केलंत तेच. कुसिनारेला बुद्ध शेवटच्या शय्येवर असताना आनंद आत जाऊन दाराच्या चौकटीला धरून रडत उभा राहिला. बुद्धानं विचारलं, आनंद कुठे आहे? आणि त्याला बोलावून घेतलं. शोक पुरे, आवडत्या सगळ्यांपासून वेगळं व्हावं लागतं हे मी सांगितलं नव्हतं का, असं तो म्हणाला खरा. भाऊ हे एवढंच वाक्य पाठवेल. पुढचं वाक्य असं : आनंदा, तू दीर्घकाळ मैत्रीनं भरलेल्या कृतीनं, वाणीनं आणि मनानं माझी सेवा केलीस, दुजाभाव न ठेवता, मोजमाप न ठेवता, तू मोठं पुण्य केलंस. जाणारा माणूस उरलेल्या वेळात सेवकाची सेवा सगळ्यांसमोर मोजून दाखवतोय. तुमची सहा वर्षं काय होती, या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. त्याला पाली शब्द ‘मेत्ता’. तो शब्द समजावताना मेत्तसुत्तात आपल्या एकुलत्या एक लेकराला जिवापाड जपणाऱ्या आईचा दाखला दिलाय. तुमच्या घरी ती भूमिका उलटी झाली, एवढंच.

आनंदाची गोष्ट तिथे संपत नाही. बुद्धानंतर राजगृहाला पहिली संगीती, म्हणजे भिक्षूंची सभा, भरली. तिथे ज्येष्ठ भिक्षूंनी आनंदावर आरोप ठेवले. बुद्धाच्या देहाला बायकांना आधी वंदन करू दिलंस, त्यांच्या अश्रूंनी देह भिजला, हा एक. आणि तू विनंती केली असतीस तर तथागत आणखी जगले असते, ती तू केली नाहीस, हा दुसरा. पाहा, तुमचं पहाटे तीनचं वाक्य भर सभेत आनंदाला ऐकवलं गेलं. बुद्धाचे शेवटचे दिवस सांगणाऱ्या महापरिनिब्बानसुत्तात तर बुद्धाच्याच तोंडी ‘चूक तुझीच’ असं येतं. तो भाग मला आजवर पटलेला नाही आणि वर्गात मी तो कधी झाकलाही नाही. मला वाटतं, मागं राहिलेल्यांना कुणावर तरी बोट ठेवल्याशिवाय चैन पडत नाही, ते तेव्हाही खरं होतं. आनंदानं काय उत्तर दिलं? ‘यात माझा अपराध मला दिसत नाही. तरी तुमच्यावरच्या श्रद्धेपोटी मी तो कबूल करतो.’ या उत्तराचा पहिला भाग तुम्ही पाठ करा. दुसऱ्याची तुम्हाला गरज नाही. तुमच्यापुढे ज्येष्ठ भिक्षू बसलेले नाहीत, धाकटा भाऊ आहे.

आवडतं माणूस गेल्यावरही ज्याला रिकामं वाटत नाही तोच खरा साधक, असं कुणी सांगितलं तर हेही लक्षात असू द्या : सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे दोन पट्टशिष्य गेल्यावर गंगेकाठी भिक्षूंसमोर बसलेला बुद्ध म्हणाला, मला ही परिषद रिकामी असल्यासारखी वाटते. त्यानं शोक केला नाही, असंही पुढे येतं. पण रिकामी जागा त्याला दिसली आणि तो ती बोलला. त्याच सारिपुत्तानं एकदा नळ नावाच्या गवताच्या दोन जुड्यांची उपमा दिली होती. एकमेकींना टेकून उभ्या असतात, एक काढली की दुसरी पडते. त्याला विज्ञान (म्हणजे इथे जाणीव) आणि नामरूप (म्हणजे मन-शरीर) यांचं नातं सांगायचं होतं. मी ती उपमा तुमच्या दोन खोल्यांच्या घरासाठी उसनी घेते. तुम्ही सध्या आडव्या पडलेल्या जुडीसारख्या आहात. टेकणच गेलं, पडणार नाही तर काय?

आणखी एक सांगते आणि हे थोडं लागेल. मुलांना घेऊन मी कार्ल्याला जायचे. लोकलनं मळवली, मग चालत. एकवीरेच्या पायऱ्या चढताना अर्धी पोरं लिंबू सरबताशीच थांबायची. चैत्यगृहात दगडी खांबांवर दानाचे लेख आहेत, हा खांब अमक्याचा, तो तमक्याचा. बरेच धेनुकाकटचे, त्यात यवनही, म्हणजे ग्रीक. दार करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचंही नाव आहे. (वर छताला लाकडी कमानी आहेत, दोन हजार वर्षांच्या. अनित्य म्हणजे लगेच मोडणारं नव्हे, हे मुलांना तिथेच कळायचं.) आणि या सगळ्या गर्दीत वैजयंतीचा भूतपाल शेठ लिहून ठेवतो, जंबुद्वीपातलं हे उत्तम शैलगृह मी पुरं केलं! मुलं खूप हसायची. बाकीचे खांब कुणी दिले मग? तुमचं ‘सगळं माझ्यामुळे झालं’ हे भूतपालाच्या जातीचं आहे. त्यानं सगळं पुण्य घेतलं, तुम्ही सगळं पाप घेताय. आणि घेताय तर सरळ हिशेबानं घ्या. त्या एका तासाच्या आधी सहा वर्षं आहेत. ती पत्रात एका ओळीत संपली.

आता रोजचं. दसरा जवळ आलाय.

पहाटे तीनचं जागरण आठ महिने चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा. जेवण तुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर थांबूच नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. मघाच्या आठ कारणांत पित्ताचा नंबर पहिला होता, ते विसरू नका. शरीराचं शरीराला द्यावं.

भाऊ शिबिराला चल म्हणेल. सध्या नको. दहा दिवसांचं मौन चांगलं असतं, पण तुमच्या घरात आधीच आठ महिने मौन आहे. जाग आली की तिथेच उठून बसा. छातीत, घशात, पोटात कुठे दाटतंय ते पाहा. ‘आई नाही’ असं आलं तर रडा. ‘मी गेले नसते तर’ असं आलं तर मनात म्हणा, हा दुसरा. एवढंच. तो लगेच जाणार नाही. आल्याचं कळलं तरी पुरे. वेदना (म्हणजे इथे नुसतं जाणवणं) आणि तृष्णा यांच्यामध्ये एक फट असते आणि सगळी साधना त्या फटीत चालते, हे भावानं शिबिरात ऐकलं असेलच.

त्याच्याबद्दलचा माझा राग आता बराच उतरलाय, म्हणून हे लिहिते. शिबिरात चारला घंटा होते हे मला ठाऊक आहे. घरी आल्यावर ती किती जणांना ऐकू येते तेही ठाऊक आहे. सव्वाचारला मेसेज करणारा माणूस बहुधा तुमच्यासारखाच तीनपासून जागा असतो. सहा वर्षं आई तुमच्याकडे होती. त्याच्या वाट्याला पहाटे मोजायला कुठले तास आले असतील? पुढच्या मेसेजला एवढंच उत्तर द्या : ‘मीही जागी आहे. रविवारी ये, खोली आवरायला माणूस हवंय.’

खोली एका दिवसात आवरू नका आणि एकटीनं तर नकोच. औषधं आधी काढा, ती सगळ्यात सोपी. साड्या बायकांना बोलावून वाटा. बांधकामाच्या दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जाल तेव्हा सगळं मावणार नाही, ते ठरवायला भाऊ उपयोगी पडेल. पातेलं मात्र वापरात काढा. पुराच्या दिवशी, १२ जुलै १९६१ ला, तुमची आई वीस वर्षांच्या आतबाहेर असेल. सकाळी होतं ते घर संध्याकाळी नव्हतं, आणि त्या चिखलातून तिनं जे उचललं त्यात नंतर साठ वर्षं दूध तापवलं असेल, नाही? कपाटात ते तिनं ठेवलं की तुम्ही? कल्हई करून घ्या, करणारे अजून सापडतात.

फॉर्म फाडायची घाई नाही. पर्समधून काढून त्याच पातेल्यात ठेवा, नव्या घरात पहिल्यांदा दूध तापवायच्या दिवशी तो बाहेर काढावाच लागेल. तेव्हा काय करायचं ते तेव्हा.

आणि मावशींना फोन करा. पत्रात त्यांच्याबद्दल दोनच ओळी आहेत आणि मी त्या पुनःपुन्हा वाचल्या. त्यांच्यासाठी तो दिवस सुट्टी घेतल्याचा आहे. त्यानंतर काम सुटलं, बाई बोलल्या नाहीत, आजी गेल्या. त्यांच्याकडेही एक ‘मी गेले असते तर’ असणार आणि तो त्यांना कुणाला लिहून पाठवता येत नाही. साड्या वाटायच्या दिवशी त्यांना पहिल्यांदा बोलवा. मुलाला तेव्हा ताप कशाचा होता, किती दिवस होता, तेही विचारा. ते विचारायचं राहून गेलंय.